जिंकली की आपली?

मित्रांनो, दुपारी डोकं तापलं होतं, आता एकदम खूश हाय.

संतपूरच्या हाटेलात चहा पिताना टीव्हीवर एक परदेशी धावपटू जिंकली. आई भारतीय, बाप आफ्रिकन. मागं हरली तवा तिला 'काळी' म्हणणारे आमच्या गल्लीतले लिंगायत अप्पा आज ओरडले, "आपलीच पोरगी!"

माझं सटकलं. "मग शिल्पा कुणाची, अप्पा?"

शिल्पा त्यांच्या लेकीची लेक. बाप बौद्ध, म्हणून अप्पांनी तिला कधी नात म्हटलंच न्हाई. माझा मात्र तिच्यावर जीव.

अप्पा कपाकडं बघत म्हणाले, "कामून ओरडायलास? तिला सांग, आज्जानं घरला बोलावलंय. तू येऊ नको."

दारापर्यंत तर सोडणारच मी!

पण सांगा, आपली म्हणवून घ्यायला पोरीला आधी शर्यत जिंकावी लागती व्हय?