दाजींचा टँकर आणि सुरतची खाडी

सुरतला पोंक खायला जातेय, असं मी घरी सांगितलं होतं. खरं कारण समुद्र होता. अमळनेरच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे, भरती-ओहोटी फळ्यावर काढून दाखवायचे, आणि स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता. नव्वदचं दशक सरत आलं होतं. प्लेगनंतर सुरत धुऊन-पुसून लख्ख झालीय, असं जो तो सांगायचा. नाताळची सुट्टी लागली आणि मी ताईकडे, सुरतच्या लिंबायत भागात, निघाले.

भुसावळहून येणारी पॅसेंजर पकडली. नंदुरबारपर्यंत बसायला जागा मिळत नाही, हे मनाशी धरूनच चढा. नवापूर सोडलं की पाट्या गुजरातीत होतात आणि डब्यात वडापावच्या जागी खमण येतं. लिंबायतला जायचं असेल तर सुरतपर्यंत जाऊ नका, आधीच्या उधन्याला उतरा. शेअर रिक्षा दारात सोडते. गल्लीत शिरल्यावर कापडाच्या लूमच्या खडखडाटात ताईची हाक ऐकूच आली नाही. तिनं धावत येऊन हातातली पिशवी ओढली, तेव्हा कळलं.

ताईच्या घरी अजून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी होते, फक्त सोबतीला तापीतला, नाहीतर खाडीतला मासा असतो. मासा यायचा जमनाबेनकडून. दाजी आधी लूमवर होते, मग एका कंत्राटदाराच्या टँकरवर ड्रायव्हर लागले. गॅसच्या विहिरींतून गॅसबरोबर खारट, तेलकट पाणी वर येतं, ते वाहून न्यायचं काम. परतीच्या वाटेवर खाडीकाठच्या एका गावात जमनाबेनच्या ओट्यावर ते चहाला थांबायचे. तिच्या घरचे लोक ओहोटीला चिखलात उतरून लेवटा धरायचे. कोकणात ज्याला निवटी म्हणतात, तोच हा मासा.

दुसऱ्या दिवशी ताईनं नदीकाठी नेऊन पोंक खाऊ घातला. कोवळी भाजलेली ज्वारी, वर शेव आणि लिंबू. हिवाळ्यात गेलात तर चुकवू नका. रात्री जेवताना दाजी म्हणाले, "चाल व शालू, उद्या समुद्र देखाले जाऊत. तठे मिटिंग बी शे."

कसली मिटिंग, ते बसमध्ये कळलं. विहिरींचं पाणी खाडीत सोडू द्यायचं की नाही, सोडायचं तर किती साफ करून, याचा नियम ठरणार होता. त्यासाठी सरकारी साहेब जमनाबेनच्या गावात येऊन लोकांचं ऐकणार होते. कंत्राटदारानं सगळ्या ड्रायव्हरांना साध्या कपड्यांत येऊन खुर्च्या भरायला सांगितलं होतं.

"आणि टाळ्या वाजवायला," ताई म्हणाली. दाजी खिडकीबाहेर बघत राहिले.

अडाजण मागे पडलं, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिठागरं आणि लांबवर कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. आम्ही उतरलो तेव्हा ओहोटी होती. मी पुस्तकातल्या निळ्या पाण्याची वाट बघत होते. समोर नजर पोचेल तिथवर राखाडी चिखल होता. तरी मला तो आवडला. उन्हात चमकत होता, वर बगळे होते.

"आवो बेन, आवो," म्हणत जमनाबेननं माझे दोन्ही हात धरले. पन्नाशीची, उंच, हसली की सगळा चेहरा हसायचा. चहा झाल्यावर ती आम्हाला बांधावर घेऊन गेली. चिखलात बिळंच बिळं होती. "जुओ, सगळी रिकामी. लेवटा मिळाला तर घासलेटचा वास येतो. बाजारात कोणी हात लावत नाही. मुलगा होडी विकायची म्हणतो." मग दाजींकडे वळून म्हणाली, "भाई, तमे कहो, आ पाणी आवे छे क्यांथी? कुठून येतं हे?"

दाजींनी घड्याळात बघितलं. मिटिंगला जायची वेळ झाली होती.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. कंपनीच्या साहेबांनी नकाशा दाखवला. सगळं पाणी साफ होऊन पाइपातून खोल समुद्रात जातं, खाडीकडे एक थेंबही येत नाही, असं त्यांनी सांगितलं. जमनाबेन उठली आणि बिळांचं, वासाचं सगळं बोलली. मुख्य साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं, "खाडीत टँकर रिकामा होताना कोणी पाहिलाय का?"

कोणीच पाहिला नव्हता. टँकर गावापासून दूर, वळणापलीकडच्या, खाडीला मिळणाऱ्या नाल्यात रिकामा व्हायचा.

दाजी उठले. ताईनं त्यांचा सदरा धरला, तो सुटला.

"साहेब, मैं खाली करता हूँ," ते म्हणाले. "खारं पाणी खाऱ्या पाण्यात, त्याने काय बिघडतं, असं मालक म्हणाला. मैंने मान लिया."

गलका झाला. कंत्राटदार ओरडत पुढे आला, साहेबांनी त्याला बसवलं आणि दाजींना नाल्याची जागा विचारून घेतली. मी मात्र जमनाबेनकडे बघत होते. दाजी कंपनीच्या कॉलनीला प्यायचं पाणी पोचवतात असं तिला वाटायचं, आणि दाजींनी ते कधी खोडून काढलं नव्हतं.

सभा उठल्यावर दाजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. ती एवढंच म्हणाली, "तमे, भाई?" मग पदर सावरून घराकडे चालू लागली. आम्ही बसची वाट बघत उभे राहिलो तेव्हा भरती चढत होती. मी पाहायला आले होते तो समुद्र समोर होता आणि आमच्यापैकी कोणी तिकडे बघत नव्हतं.

दाजींची नोकरी त्याच दिवशी गेली. ते पुन्हा लूमवर लागले. नियम पुढे झाला आणि चांगला झाला: खाडीत सोडायला बंदी, टँकर बंद. पण व्हायला बराच काळ गेला. काही वर्षांनी मी दाजींबरोबर पुन्हा गेले तेव्हा चिखलात खेकडे पळत होते, कुठे कुठे लेवटाही उड्या मारत होता. जमनाबेनच्या दाराला कुलूप होतं. होडी विकून मुलगा हिऱ्याच्या कारखान्यात गेला होता, ती भरूचला लेकीकडे. शेजारणीला पत्ता माहीत नव्हता.

परतताना दाजी म्हणाले, "पहिल्याच दिनले बोलनू असतू तर..." आणि बसला हात केला.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. हिवाळ्यात जा, भरतीची वेळ विचारून जा. आता रस्ता चांगला आहे.

सभेच्या सकाळी बांधावर पोचताच मी एक फोटो काढला होता. दाजी काहीतरी सांगताहेत, जमनाबेन मान मागे टाकून हसतेय. सुरतहून दुसऱ्यांदा घरी आल्यावर मी ताईला फोन करून विचारलं, त्याची एक प्रत दाजींना पाठवू का?

 ताई म्हणाली, "नको व. राहू दे तुनापाशीच."