सही हितं न्हाय

इथिओपियात इंग्रजी शिकवत होतो तेव्हा मी दर दुसऱ्या वर्षी सुट्टीला टिळकवाडीत घरी यायचो. व्हिसा आणखी दोन वर्षं वाढवून मागणारा अर्ज बेळगावच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका टायपिस्टाकडून करून घ्यायचो. शेजारच्याशी कन्नडात वाद घालत तो माझं इंग्रजी बिनचूक टाइप करायचा. मग कार्बन अजून चालेल का, ते उन्हाला धरून बघायचा. मी पेन काढलं की मात्र अर्जावर हात ठेवायचा.

“सही हितं न्हाय, सर. घरला जावा, आईला मराठीत वाचून दावा, मग करा.”

मला त्याचा राग यायचा. तरी घरी जाऊन वाचायचो. आई शेंगा फोडत ऐकायची आणि शेवटी “बरं” म्हणायची.

आई गेल्यावर पुन्हा अर्जाची वेळ आली. त्यानं कागद मशिनीतून काढला तसं मी म्हटलं, “आता इथंच करतो सही. घरी वाचून दाखवायला कुणी नाही.”

त्यानं मशिनीवर कापड टाकलं आणि स्टूल माझ्याकडं सरकवलं.

“बसा. मला वाचून दावा.”

स्वतःच टाइप केलेला अर्ज तो मांडीवर हात ठेवून ऐकत राहिला. तो “बरं” म्हणेपर्यंत मी पेन काढलं नाही.