गिरणीच्या आवाजाखालचा ठोका

सिंदेवाहीला नर्स म्हणून गेले तेव्हा मी अगदी नवखी होते. दवाखान्याच्या भिंतीला लागूनच धानाची गिरणी होती. दिवाळीनंतर धान घरोघरी आलं, की तिचं तेलावरचं इंजिन सकाळी सुरू व्हायचं ते पार दिवेलागणीला थांबायचं. खिडकीतून कोंड्याची धूळ आत येई आणि उन्हाच्या तिरिपेत सोन्यासारखी तरंगत राही. बघता बघता माझे डोळे जड व्हायचे. कपाटातल्या बाटल्या मात्र सारख्या किणकिणत.

एका दुपारी तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातली एक सून आली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले.

"बाई, कालपासून लेकरू हालून नाई राह्यलं."

मी तिच्या पोटावर लाकडी नळी टेकवली आणि कान लावला. इंजिनाशिवाय काहीच ऐकू येईना. जागा बदलून पाहिली, तरी तेच. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून हलत नव्हते.

मी तशीच गिरणीत गेले. गिरणीवाले भाऊ पट्ट्याजवळ उभे होते. मी त्यांच्या कानाशी ओरडले, "भाऊ, थोडा वेळ बंद करा! मले पोटातल्या लेकराचा ठोका आयकायचा आहे."

त्यांनी लगेच इंजिन बंद केलं.

किती दिवसांनी भर दुपारी ती शांतता आली! पलीकडच्या झाडावर होले पक्षी घुमत होते. मी पुन्हा कान लावला. खूप खोलवरून, पाण्याखालून कुणी चालत यावं तसा तो ठोका आला, भरभर आणि नेमका. मी तो बोटानं तिच्या तळहातावर वाजवून दाखवला. ती आधी हसली, मग पदर तोंडाला लावून रडली.

संध्याकाळी भाऊ दवाखान्यात आले. "रोज बंद करणं तं जमत नाई, बाई. पण काहीतरी करू."

आवाज मोजायला आमच्याजवळ टेबलावरचं घड्याळ होतं. इंजिन बंद असताना त्याची टिकटिक खोलीच्या दारातूनही ऐकू येई. चालू असताना घड्याळ कानाला चिकटवावं लागे. भाऊंनी मिस्त्री बोलावला. सगळ्यात जास्त आवाज धूर सोडणाऱ्या नळाचा होता; तो त्यानं जमिनीखालून नेऊन मागच्या खड्ड्यात सोडला आणि वर दगड रचले. पहिल्यांदा दगड इतके गच्च बसले, की धूर कोंडून इंजिनच बंद पडलं. मग खड्डा मोठा केला, दगड मोकळे ठेवले.

इंजिन सुरू झालं. भाऊंनी घड्याळ कानापासून हळूहळू दूर नेलं. हातभर अंतरावर ते थांबले.

"इथपर्यंत आयकू येऊन राह्यलं!" ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले.

पुढच्या तपासणीला त्या सुनेच्या लेकराचा ठोका मी गिरणी चालू असतानाच ऐकला. तिला मुलगी झाली.

इंजिन आता जमिनीच्या पोटात कुठेतरी घुमत असे. त्या गुंगीत बसले असताना ओसरीवर थांबलेल्या बायांचं बोलणं मला पहिल्यांदाच कळू लागलं. कुणाची म्हैस व्याली होती, कुणाचा भाऊ गोंडपिपरीहून यायचा होता. एकजण दुसरीला विचारत होती, "तुले झोप येऊन राह्यली का वं?" आणि दुसरीचं बारीक घोरणं ऐकू येत होतं.