ओवाळणारी बायको

अर्धं पुस्तक वाचून मत देणं मला पटत नाही, म्हणून ती जाडजूड ऐतिहासिक कादंबरी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. संपल्यावर पलंगावर अशी आपटली की उशाशी झोपलेली मांजर उठून गच्चीत निघून गेली.

गोष्ट बडोदे संस्थानातल्या एका घोडेस्वाराची होती. तो लढतो, जिंकतो, जखमी होतो, पुन्हा जिंकतो. त्याचा अंदाज कधी चुकत नाही, त्याला कधी भीती वाटत नाही. त्याची बायको जेव्हा जेव्हा पानावर येते तेव्हा तिच्या हातात तबक असतं. ती ओवाळते, डोळे पुसते, त्याला ‘नाथ’ म्हणते आणि आत जाते. तिला नावसुद्धा अर्ध्या पुस्तकानंतर मिळतं.

हे मला झोंबलं, कारण आमचं घर त्याच लोकांपैकी. माझ्या वडिलांचे काका संस्थानच्या पागेत होते. ते मी पाहिले नाहीत, पण त्यांची बायको, आमची काकी, मी शाळेत जायला लागले तेव्हा बडोद्यात, निजामपुऱ्यात आमच्याकडेच राहायची. तंबाखूची मिश्री लावायची, भाजीवालीशी गुजरातीत भांडायची आणि घोड्यांबद्दल असं बोलायची जसं इतर बायका जावांबद्दल बोलतात. तिच्या तोंडून ‘नाथ’ हा शब्द निघणं शक्य नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या वाचकमंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. हे निवृत्त प्राध्यापक, माझ्या यजमानांचे जुने स्नेही. त्यांनी सांगितलं की लेखक पुण्याहून येणार आहेत, सयाजीगंजातल्या सभागृहात सत्कार आहे, आणि मी दोन शब्द बोलावेत. “तुम्ही त्याच घराण्यातल्या, वहिनी. शोभून दिसेल,” असं म्हणाले. मग जरा थांबून, चांगलंच बोला, हेही सांगितलं. मी हो म्हटलं. पण ‘शोभून दिसेल’ हे माझ्या डोक्यातून जाईना.

रविवारी भावाची मुलगी हरणीहून आली. कॉलेजात शिकते, मैत्रिणींशी गुजराती-हिंदीत बोलते आणि माझ्याशी मराठीत भांडते. तिच्या आग्रहाखातर मी तिची आवडती जादूच्या राज्याची कादंबरीमालिका वाचायला घेतली होती. इंग्रजी, तीन भाग. पहिले दोन मला मनापासून आवडले होते. त्या राज्यात जादू फुकट मिळत नाही. प्रत्येक मंत्रामागे म्हणणाऱ्याची एक आठवण कायमची पुसली जाते, आणि लेखिका हा नियम कुणासाठीही मोडत नाही. एक म्हातारी वैद्यीण दुसऱ्याचा ताप उतरवता उतरवता स्वतःच्या मुलाचा चेहरा विसरते. ते पान मी लगेच पुन्हा एकदा वाचलं होतं. आणि तिसऱ्या भागात त्याच वैद्यिणीला रस्त्यात मारून टाकलेलं, का, तर नायकाला राग यावा आणि त्यानं तलवार उचलावी म्हणून.

मी तिला विचारलं, हे तुला चाललं कसं?

“नाही चाललं, आत्या,” ती म्हणाली. “पण सगळे असंच लिहितात. बाई मेली की हिरो चालू होतो.”

तिनं हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला तिचाच राग आला. विशीतल्या मुलीला याची सवय झालेली असावी?

सत्काराच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. अध्यक्षांनी प्रास्ताविकात सांगितलं की ही नुसती कादंबरी नाही, हा आपला खरा इतिहास आहे, तो घराघरांत पोचला पाहिजे. लेखक मान हलवत होते. नंतर मला बोलावलं.

मी काकीची गोष्ट सांगितली. काका लांबच्या मोहिमेवर निघाले तेव्हा तिनं त्यांना ओवाळलं नव्हतं. घराची कौलं फुटलेली होती, ती बदलायचं कबूल करून ते विसरले होते, आणि ती त्यांच्याशी बोलत नव्हती. ते गेल्यावर पावसाळाभर ती गळक्या घरात राहिली. पुढे ते परत आले आणि तापानं पडले, तेव्हा त्यांचा घोडा दुसऱ्या कुणाच्या हातून खाईना, म्हणून ही पदर खोचून पागेत गेली आणि त्याला चारा घालू लागली. एवढं सांगून मी लेखकांना विचारलं, “अशी एकही बाई तुम्हाला का दिसली नाही?”

ते हसले. बाई भावनावश झाल्या, असं श्रोत्यांना म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, “कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे.”

मी म्हटलं, “आत्ता दहा मिनिटांपूर्वी याला इतिहास म्हटलं तेव्हा तुम्ही मान हलवत होता. कौतुक झालं की इतिहास आणि प्रश्न आला की कादंबरी, असं कसं चालेल?”

अध्यक्ष लगेच उठले. वेळेअभावी चर्चा आवरती घेऊ, चहा तयार आहे, असं सांगून त्यांनी माझ्यासमोरचा माइक स्वतःकडे ओढला. चहाच्या वेळी माझ्याजवळ कुणी आलं नाही. मी कप तसाच ठेवला आणि रिक्षा करून घरी आले.

दोन दिवसांनी अध्यक्षांचा फोन आला. लेखक दुखावले आहेत, मी दोन ओळी दिलगिरीच्या लिहून द्याव्यात, मंडळाचं नाव राहील. मी विचारलं, मी काय खोटं बोलले? ते म्हणाले, खोट्या-खऱ्याचा प्रश्न नाही, पाहुण्यांशी वागण्याचा प्रश्न आहे. मी दिलगिरी लिहून देणार नाही म्हटलं. मग यापुढे तुम्हाला बोलायला सांगणं अवघड होईल, असं ते म्हणाले. आमच्या घरी जेवायला येणारा हा माणूस, पण आवाज कचेरीतल्यासारखा होता.

पुढच्या महिन्यात मी मंडळात गेले. माझी वर्गणी भरलेली होती आणि मला पुस्तकं आवडतात. शेजारच्या खुर्चीवर एक बाई येऊन बसल्या, शाळेत मराठी शिकवणाऱ्या. हळूच म्हणाल्या, तुमचं बरोबर होतं हो, मलाही ती बायको अजिबात पटली नव्हती.

“मग तेव्हा का नाही बोललात?” मी विचारलं.

“तुम्ही बोलत होतात ना,” त्या म्हणाल्या, आणि पर्समधून चष्मा शोधायला लागल्या.