भ्यायचं तर जेवून

नव्या इरकलीची घडी मोडली, खळीचा आंबूस वास आला आणि शुक्रवार पेठेतली ती दुपार आठवली. अकरावी मॅट्रिकची परीक्षा तोंडावर होती. माझी छाती धडधडायची, घास उतरायचा नाही. भिंतीपलीकडच्या मावशी हातमागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. त्यांनी मला ओढतच घरी नेलं. "भ्यायचं तर जेवून भी की!" म्हणत आमटीत भाकरी कुस्करून दिली. मग कांड्या भरायच्या रहाटावर बसवलं. मी घाई केली की सूत तुटायचं. "तुटू दे. गाठ मार अन् फिरव." फिरवता फिरवता श्वास कधी संथ झाला, कळलंच नाही. आता धडधडलं की मुलं काळजीनं गोळी देतात. ती गिळताना कान उगाच भिंतीपलीकडच्या रहाटाकडे लागतात.