ब्रह्मदेशाहून आलेला पाना

ती घटना मला आजही आठवते. एखाद्या वर्षी विसरायला झालंच, तर खंडेनवमीच्या सकाळी बायको चहाचा कप पुढ्यात ठेवत विचारते, "आज काही हरवलंय का? नसेल, तर आधी स्वतःच्या बुडाखाली बघून घ्या." पोरं हसतात. मी पेपर तोंडासमोर धरतो.

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं. पूर्वज फौजेबरोबर आले, असं वडील सांगत. पुढे तलवारी गेल्या, मिशा राहिल्या. माझ्या वाट्याला मिशांबरोबर पोटही आलं. तेव्हा मी शहरातल्या एका जुन्या वस्तीत ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. ठाण्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, दोन खोल्यांचं एक युद्ध-संग्रहालय होतं. तिथं चोरण्यासारखं काही असेल, असं आमच्या हद्दीतल्या एकाही चोराला वाटलं नव्हतं.

त्या वर्षी पुण्याहून एक तरुण क्युरेटर बाई आल्या आणि त्यांनी दसऱ्याला खास प्रदर्शन उघडायचं ठरवलं. तोफा नकोत, तलवारी नकोत. आसपासच्या घरांतून जे जवान महायुद्धाला गेले, त्यांच्या साध्या वस्तू मांडायच्या. घरोघरी फिरून, हातापाया पडून त्यांनी वस्तू गोळा केल्या. कुणाची पाण्याची बाटली, कुणाचा वस्तरा, कुणाचा चेपलेला मग. सगळ्यांत मानाची वस्तू म्हणजे एक लोखंडी पाना. चामराजपेटेतल्या एका अक्कांचे वडील ब्रह्मदेशच्या आघाडीवर लष्करी लॉरी चालवत. चिखलात रुतणारी, धड न चालणारी ती लॉरी त्यांनी या एका पान्यावर हाकली आणि जखमी माणसं भरून परत आणली. युद्ध संपल्यावर पाना सरकारजमा व्हायला हवा होता. तो वळकटीतून चामराजपेटेत आला. म्हणजे पहिली चोरी तिथंच झाली म्हणायची. पण ती माझ्या हद्दीबाहेरची.

आमच्याकडची खंडेनवमी म्हणजे इथली आयुधपूजा. त्या दिवशी पोलीस ठाणं ओळखू येत नाही. रायफली भिंतीला ओळीनं उभ्या, प्रत्येकीला झेंडूची माळ. बेड्यांना हळद-कुंकू. जीप धुऊनपुसून, दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधून, चाकांखाली लिंबं ठेवून तयार. पुढच्या चाकाशी केळीच्या पानावर जीपची सगळी अवजारं मांडलेली. हेड कॉन्स्टेबल सोवळं नेसून पूजा सांगत होते. वस्तीतल्या बायका फुलं घेऊन येत, वाहत, चुरमुरे घेऊन जात. आरती संपली, कोहळा फुटला, आणि फोन वाजला.

"सर, पाना गेला!" पलीकडे क्युरेटर बाई होत्या. "टेबलवरच होता सर, काचेच्या केसमध्ये ठेवायचा बाकी होता!"

मी ओरडलो, "गाडी काढ!" ड्रायव्हरनं पानावरची अवजारं फुलांसकट गोळा केली, पुढच्या सीटखालच्या पेटीत कोंबली आणि लिंबं चिरडत जीप निघाली. मागून एक म्हाताऱ्या बाई हात हलवत ओरडत होत्या, "अण्णा, थांब! स्वल्प, जरा थांब रे!" प्रसाद राहिला असेल, असं समजून मी त्यांना मोठ्या आदबीनं हात केला.

समोरच्या इमारतीत जायला जीप कशाला, असं वाचक विचारतील. पोलीस जीपमधून उतरला, तरच तो आला असं लोक मानतात. एकेरी वाहतुकीमुळे आम्हाला समोर पोहोचायला बराच वळसा पडला, तो भाग वेगळा. माझ्या आधी ठाण्याचा शिपाई चालत पोहोचला होता.

संग्रहालयात एक निवृत्त मेजर स्वतःच्या वडिलांची पाण्याची बाटली कडेवरच्या पोरासारखी धरून उभे होते. "उद्या सकाळपर्यंत पाना मिळाला नाही, तर आम्ही सगळी घरं आपापल्या वस्तू परत नेणार. बाईंच्या शब्दावर दिल्या होत्या. सरी ना? ठीक आहे ना?"

बाईंनी पांढरे हातमोजे घातले होते आणि त्याच मोज्यांनी डोळे पुसत होत्या. प्रदर्शन उघडण्याआधीच मिटणार, हे सांगायला पोलीस नको होता.

मी रखवालदाराचा जबाब घेतला. "सकाळपासून आत कोण आलं?"

"कुणी नाही, साहेब. फक्त पान्यावाल्या अक्का येऊन बघून गेल्या."

"त्या सोडून?"

"त्या सोडून कुणीच नाही."

मी गंभीरपणे मान हलवली आणि अक्कांना सोडून बाकी सगळ्या शहरावर संशय घेतला. आमच्या खात्यात अशी सवय लागते. ज्याची वस्तू गेली त्याला आपण पाणी विचारतो, प्रश्न विचारत नाही.

एवढ्यात खबऱ्याचा फोन आला. मार्केटमागच्या भंगारगल्लीत कुणीतरी 'मिलिट्रीचा पाना' विकतोय. बाईंना ओळख पटवायला बरोबर घेतलं. त्या मागे बसल्या, मी पुढे. केळीचे खांब डोलवत आम्ही छापा घालायला निघालो. गल्लीतली पोरं जीपला नमस्कार करत होती. धाड कसली, वरात होती ती. भंगारगल्लीत माझा हेतू कळताच प्रत्येक दुकानदारानं स्वतःचा एकेक पाना काढला आणि तो लढाईतलाच असल्याची शपथ घेतली. त्या गल्लीत दुसरं महायुद्ध अजून संपलेलं नव्हतं. बाई मोज्यांनी एकेक पाना उचलत, उलटा करत आणि म्हणत, "हा नाही, सर. हाही नाही."

तेवढ्यात वायरलेसवर ठाण्यातून निरोप आला, "पान्यावाल्या अक्का तुमची वाट बघून घरी गेल्या. घरी बोलावलंय, लगेच."

बाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "त्यांना कळलं वाटतं. मी काय तोंड दाखवू?"

"मी बोलतो," मी म्हणालो. दुःखी माणसाशी बोलण्यात माझा हातखंडा आहे, असा माझा समज होता.

अक्कांनी दार उघडलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. स्वयंपाकघरात मिरच्या तळल्या जात होत्या, हे माझ्या नाकाला कळलं. पण मी मनानं पुढे गेलो होतो.

"अक्का, रडू नका."

"रडत नाही रे. पाना..."

"माहीत आहे, अक्का. आम्ही पाताळातून शोधून काढू."

"पाताळात कशाला? माझं ऐक, तो चोरीला..."

"चोर सुटणार नाही!"

"अय्यो! जीप कुठाय तुझी?"

"खाली आहे. जीपची काळजी करू नका, रात्रभर फिरवीन."

अक्कांनी कपाळाला हात लावला आणि क्युरेटर बाईंकडे वळल्या. "हे असंच आहे का गं सकाळपासून? मी हाक मारली, तर मला टाटा केला यानं! ठाण्यात सांगायला गेले, तर तिथंही कुणी पुरतं ऐकून घेईना! तू म्हणालीस, लोखंडाला कुंकू लावायचं नाही, नियम आहे. पण आमचे अप्पा म्हणायचे, नवमीला पाना चालत्या गाडीच्या चाकाशी ठेवायचा, त्याशिवाय त्याची पूजा होत नाही. एक वर्ष चुकलं नाही. मुलानं गाडी विकली, आता मेट्रोनं जातो. मेट्रोच्या चाकाशी कशी ठेवू? समोर पोलिसांची जीप सजलेली दिसली. पिशवीत घातला, चाकाशी ठेवला. आरती झाली की परत नेऊन ठेवणार होते. तेवढ्यात हा आला बोंबलत."

मी खिडकीतून खालच्या जीपकडे बघितलं.

"म्हणजे... पाना..." मी म्हणालो.

"तू बसलायस त्याच्यावर, अण्णा. सकाळपासून."

जीपची सीट उचलली. आमच्या पान्यांमध्ये, झेंडूच्या चुरगळलेल्या पाकळ्यांत, कुंकवाचा ठसठशीत टिळा लावलेला तो पडला होता. चोरीचा माल आणि तपास अधिकारी दिवसभर एकाच गाडीतून शहरभर एकमेकांना शोधत फिरले होते. पंचनाम्यात 'माल कोठे मिळाला' हा रकाना असतो. सुदैवानं गुन्हाच नोंदवावा लागला नाही.

संग्रहालयात परतल्यावर क्युरेटर बाईंनी कापूस हातात घेतला, कुंकवाकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं. मेजर बाटली छातीशी धरून बघत होते. बाईंनी कापूस खाली ठेवला.

"टिळ्यासकट केसमध्ये ठेवते," त्या म्हणाल्या. "आणि दर नवमीला बाहेर काढायचा. मात्र कुणीतरी जबाबदार माणूस बरोबर हवा."

"सरी," मेजर म्हणाले आणि बाटली टेबलवर ठेवली.

दसऱ्याला प्रदर्शन उघडलं. बाटली, वस्तरा, मग सगळे आपापल्या जागी होते. पण येणारा प्रत्येक जण आधी त्या टिळ्यापाशी थांबे आणि विचारी, हे काय? अक्का तिथंच स्टूल टाकून बसल्या होत्या. त्या ब्रह्मदेशापासून सुरुवात करून माझ्यापर्यंत येत. माझा भाग आला की लोक जास्त हसत.

नोकरीत मी बरेच निर्ढावलेले लोक बोलते केले. बोलायला तयार असलेल्या माणसाला बोलू द्यावं, हे मात्र मला या एका पान्यानं शिकवलं. समोरचा वाक्य पुरं करेपर्यंत पोलिसानं तोंड आणि गाडी, दोन्ही बंद ठेवावं.

आता निवृत्त झालोय. जबाबदार माणूस म्हणून दर खंडेनवमीला संग्रहालयातून पाना आणायचं काम माझ्याकडेच आहे. पूजा माझ्या स्कूटरच्या चाकाशी होते. अक्का कुंकू लावतात, फुलं वाहतात. पण त्याआधी, न चुकता, माझ्यापुढे हात पसरतात.

"किल्ली दे, अण्णा."

मी देतो. ती कमरेला खोचल्याशिवाय त्या आरतीला हात लावत नाहीत.