म्हाताऱ्याचा शेवटचा अल्बम आणि भूषणचे कान

आधीच सांगून ठेवते — तो अल्बम टुकार आहे. म्हाताऱ्याचा सगळ्यात टुकार. पहिल्या दिवशी म्हटलं होतं, आजही म्हणते. हे वाचता वाचता तुम्हाला वाटेल की शेवटी बाईंना उपरती होणार आणि अल्बम आवडायला लागणार, तर ती आशा सोडा. अल्बमबद्दल मी बरोबर होते. बाकी सगळ्याबद्दल — नव्हते. ते बाकीचं मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आमच्या ग्रुपवर तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

म्हातारा म्हणजे आमचा गायक. खरं नाव घेत नाही. मराठीत रॉक गाऊन दाखवलं त्यानं, तेही लोक नाकं मुरडत होते तेव्हा. कॉलेजात असताना चिपळूणला त्याची कॅसेट ऐकली आणि मी कामातून गेले. पुढे सिल्वासाला आले, शाळेत विज्ञान शिकवायला लागले, पोरं झाली, चष्मा लागला, पण ते वेड काही उतरलं नाही. इथेही मूठभर वेडे भेटले — कुणी कारखान्यात, कुणी सरकारी कचेरीत — आणि ग्रुप झाला. ग्रुपवर माझा शब्द चालायचा. मॅडम बोलल्या की संपलं! मला ते आवडायचं. का नाही आवडणार?

गळ्याचं ऑपरेशन झाल्यावर म्हाताऱ्यानं तो अल्बम काढला. ड्रम नाहीत, आवाज फाटलेला, गाणी अशी रटाळ की डोळा लागावा. आम्ही धू धू धुतला. मी सगळ्यात पुढे. म्हाताऱ्यानं आता घरी बसावं, असं मी स्पष्ट लिहिलं होतं. विरोधात एकटा भूषण.

भूषण अमळनेरकडचा, धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर. बिचारा वगैरे मुळीच नाही हं. वादाला उभा राहिला की समोरच्याला बोलू देणार नाही, कुठला अल्बम कधी आला ते हटकून चुकीचं सांगणार, आणि चूक दाखवली की आणखी मोठ्यानं तेच सांगणार. मला ताई म्हणायचा आणि ताईशीच कडाकडा भांडायचा. 'तुम्हाले समजतच नाही!' — हा त्याचा मुद्दा. बाकीचे नुसते मजा बघत बसायचे.

आणि मग एकदा तो मला बाजारात भेटला, मेथीच्या गाडीपाशी. ड्यूटीवरून थेट आलेला. नेहमीसारखं भांडण काढेल म्हणून मी तयारच होते, तर हा एकदम हळू आवाजात बोलायला लागला. म्हणाला, ताई, मशीनवरून बाहेर पडलो ना, की कान सुन्न असतात. घंटाभर कोणाचं बोलणं आत शिरत नाही, बायकोचंही नाही. त्याची जुनी गाणी तर तेव्हा मशीनसारखीच वाटतात. फक्त हा अल्बम आत शिरतो. तो आता ओरडत नाही. शेजारी येऊन बसतो.

असं म्हणाला, आणि लाजला. 'ग्रुपवर नका टाकू, ताई. हसतीन सगळे.'

मी हसले नाही. हसले असते तर परवडलं असतं! मी ते नीट ऐकून घेतलं, हो म्हटलं, आणि मेथी घेऊन घरी आले.

त्यानंतर काही महिन्यांनी खबर आली — इथून जवळच, दुधनीच्या बाजूला एका रिसॉर्टवर म्हातारा गाणार! ग्रुपमधल्या पटेलभाईंची तिथल्या मॅनेजरशी ओळख. कार्यक्रमाआधी चहाला आम्हा चार-पाच जणांना भेटता येईल, असं ठरलं. सगळ्यांना कळवायचं काम माझ्याकडे. मी सगळ्यांना पाचची वेळ सांगितली. भूषणला फोन करून सांगितलं — सहा.

चुकून नाही हं. मला तो तिथे नको होता. मला म्हाताऱ्याला तोंडावर खरं सांगायचं होतं, की आता थांबा. अख्खा ग्रुप माझ्याकडे त्याच आशेनं बघत होता. हा मध्ये येऊन गळ्यात पडून गहिवरला असता तर माझं सगळं भाषण फुकट! इतकं साधं कारण. ह्याच्यापेक्षा थोर कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

म्हातारा बाहेर व्हरांड्यात बसला होता. बाकीच्यांनी पाया पडून 'छान, छान' केलं. ज्यांनी ग्रुपवर त्याची सालटी काढली होती, तेच! तो नुसता मान हलवत होता, बघतही नव्हता कुणाकडे. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, शेवटचा ऐकलात का कुणी? खरं सांगा, मला कोणी सांगत नाही.

सगळे माझ्याकडे वळले. आता मॅडम बोलणार!

आणि मॅडम बोलल्या. काय बोलल्या? म्हणाल्या, मी शिक्षिका आहे. दिवसभर वर्गात पोरांचा गोंगाट, घरी जाते तेव्हा कान सुन्न असतात. तास तास कुणाचं बोलणं आत शिरत नाही. फक्त हा अल्बम शिरतो. तुम्ही आता ओरडत नाही. शेजारी येऊन बसता.

मशीनच्या जागी पोरं घातली. बाकी शब्द न् शब्द भूषणचा.

म्हाताऱ्याची दया आली म्हणून बोलले, असं सांगितलं तर तुम्ही मला सोडून द्याल, ठाऊक आहे. दया नव्हती हो! इतरांकडे न बघणाऱ्या त्या माणसानं माझ्याकडे बघावं, एवढंच मला हवं होतं. आणि त्यानं बघितलं. माझा हात हातात घेतला. मला इतका आनंद झाला — खोटं कशाला बोलू — की भूषण आठवलासुद्धा नाही.

आठवला तो कार्यक्रमात. म्हाताऱ्यानं त्या अल्बममधलं गाणं सुरू करण्याआधी माइकवर सांगितलं, आज एक शिक्षिका भेटल्या, त्या असं म्हणाल्या. सगळं सांगितलं. कान सुन्न होतात, तो ओरडत नाही, शेजारी बसतो — सगळं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून बघितलं नाही. भूषण मागे कुठेतरी उभा आहे, हे मला पक्कं माहीत होतं.

पार्किंगमध्ये तो धावतच आला. मी शिव्या खायला तयार होते. खरंच सांगते, मला त्या हव्या होत्या. त्यानं दिल्या असत्या तर मीही तोंड सोडलं असतं आणि हिशेब मिटला असता. पण त्याचा चेहरा — काय सांगू! लग्न ठरल्यासारखा फुललेला. चहाची वेळ हुकली त्याचं काहीच नाही.

'ताई, तुमचेबी कान सुन्न होतात? मले वाटे फक्त आम्हा कारखानावाल्यांनाच होतं! बोलल्या नाहीत कधी!'

मी म्हटलं, हो.

एवढंच. हो. दोनदा चोरी केली त्या माणसाची — एकदा व्हरांड्यात, एकदा ह्या 'हो'नं. त्याला चोर भेटला नाही, जोडीदार भेटला! तेव्हापासून तो माझ्याशी भांडतच नाही. ग्रुपवर मी अल्बमला नावं ठेवली की हा लिहितो, ताई वरवर बोलतात, त्यांना आतून माहीत आहे. मला काय माहीत आहे? काही नाही. टुकार आहे तो अल्बम!

यंदा त्याचे कान गेले. पूर्ण नाही, पण बरेच. डॉक्टरनं मशीनचं काम सोडायला सांगितलं, कानात यंत्र बसवलं. आणि ह्या माणसानं पहिला फोन कुणाला केला असेल? मला. ओरडून बोलत होता, ऐकू येत नाही ना. ताई, तुम्हाले पण तसंच होतं, उशीर नका करू, मी नंबर लावलाय तुमचा.

तेव्हा सांगता आलं असतं. फोनवर एका वाक्यात सांगता आलं असतं. मी रजा टाकली आणि त्याच्याबरोबर वापीला कान तपासायला गेले.

एका बंद खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. पहिल्या काही शिट्ट्यांना दाबलं. काचेतून बाहेर भूषण दिसत होता, बाकावर हात जोडून बसलेला. ह्या बाईचे कान ठणठणीत आहेत, असं डॉक्टर आता त्याच्यासमोर सांगणार. मग तो विचारणार. मग मी काय सांगणार?

मी बटण दाबायचं थांबवलं.

डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज कमी ऐकू येतात, जपा. भूषणच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या वेळी रडला नव्हता म्हणे. सगळा दवाखाना वळून बघेल इतक्या मोठ्यानं मला म्हणाला, घाबरू नका ताई, मी आहे ना.

मी मान हलवली. शिट्ट्या मला सगळ्या ऐकू आल्या होत्या.